पडणारे मूल, न उलटणारी गाडी

मूल ज्यावर बसते, ज्याला पायाने रेटा देते, ज्याची पेडले मारते किंवा ज्याचे बटण दाबून पुढे जाते, ती सारी खेळणी सुरक्षेच्या मानकांमध्ये एका वर्गात मोडतात. मुलाचे वजन पेलून त्याच्यासकट जागा बदलणे हे या वर्गाचे लक्षण. तीनचाकी सायकल, पायाने ढकलायची प्लास्टिकची मोटार, चाकांचा लाकडी घोडा, उभ्याने चालवायची स्कूटर आणि अलीकडे गृहसंकुलांच्या आवारात व बागांच्या दाराशी सर्रास दिसणारी बॅटरीची जीप ही त्यांतली परिचित नावे. बाहुली, ठोकळे किंवा खुळखुळा यांच्यापासून निर्माण होणारे धोके बहुतांशी तोंडात घालण्याचे, टोचण्याचे किंवा रंगातील विषारी द्रव्यांचे असतात. बसून चालवायच्या खेळण्यात मात्र गती येते, उंची येते, उतार येतो, आणि दुखापतीचे स्वरूप एकदम बदलते. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत १९९० ते २०११ या काळात खेळण्यांमुळे जखमी होऊन आलेल्या अठरा वर्षांखालील मुलांची संख्या अभ्यासकांनी सुमारे ३२ लाख ७८ हजार इतकी अंदाजली. त्यांपैकी जवळजवळ ३५ टक्के दुखापती या एकाच वर्गातील खेळण्यांच्या होत्या, आणि हाड मोडण्याची किंवा सांधा निखळण्याची शक्यता त्यांत इतर खेळण्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट होती. त्या काळात दुखापतींच्या प्रमाणात जी वाढ झाली, तिचा मोठा वाटा २००० सालच्या सुमारास लोकप्रिय झालेल्या पायाने रेटायच्या घडीच्या स्कूटरकडे जातो.

अशा अपघातांनंतर घराघरांत जे स्पष्टीकरण दिले जाते, ते ठरलेले आहे: मूल अवखळ होते आणि मोठ्यांचे लक्ष नव्हते. खेळण्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली सूचनाही हेच सांगते, की प्रौढांच्या देखरेखीखाली वापरावे. या स्पष्टीकरणात तथ्य नाही असे नव्हे, परंतु ते जबाबदारी अशा ठिकाणी टाकते जिथे सुधारणेला सर्वांत कमी वाव आहे. अपघात हा दैवाचा किंवा बेशिस्तीचा विषय न मानता तो रोगासारखा अभ्यासावा, असा आग्रह धरणारे अमेरिकी वैद्य विल्यम हॅडन, जे पुढे त्या देशाच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झाले, त्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत एक साधी पण दूरगामी मांडणी केली: शरीराला सोसवेल त्यापेक्षा अधिक ऊर्जा शरीरात शिरणे म्हणजे दुखापत, आणि म्हणून ती ऊर्जा निर्माण होण्याआधी, ती शरीराकडे जात असताना आणि ती पोहोचल्यानंतर, अशा प्रत्येक टप्प्यावर माणूस, वस्तू आणि परिसर या तिन्हींत हस्तक्षेप करता येतो. खेळण्याला हा विचार लावला तर निष्कर्ष उघड आहे. दोन वर्षांच्या मुलाला सूचना वाचता येत नाही, आईवडिलांचे लक्ष दिवसभर अखंड राहू शकत नाही, इमारतीचे जिने पाडता येत नाहीत. परंतु साच्यात एकदा केलेला बदल त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगाला लागू होतो आणि त्यासाठी कोणाला काही लक्षात ठेवावे लागत नाही. मानके तयार करणारेही हे गृहीत धरतात. मूल खेळणे जसे वापरायला हवे तसे वापरील असे न मानता, ते त्याचा जो गैरवापर करील असा रास्त अंदाज बांधता येतो, त्या गैरवापरातही खेळणे सुरक्षित राहिले पाहिजे, हा त्यांचा पाया आहे. सीटवर उभे राहणे, मागे दुसऱ्या भावंडाला घेणे, उतारावरून पाय वर करून सोडून देणे या गोष्टी अपवादात्मक नव्हेत; मुले त्याच करतात.

आराखड्याने काय साधते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा बाळांच्या वॉकरच्या इतिहासात सापडतो. वॉकर म्हणजे चाकांची कड, मध्ये टांगलेले कापडी सीट आणि भोवती ट्रे अशी चौकट, जिच्यात चालता न येणारे बाळ पायांच्या बोटांनी जमीन रेटत घरभर फिरते. या चौकटीत बाळाला सेकंदाला एक मीटरहून अधिक वेग घेता येतो, म्हणजे स्वयंपाकघरातून धावत येणाऱ्या आईच्या हाताआधी ते जिन्याच्या तोंडाशी पोहोचू शकते. अमेरिकेत १९९० ते २०१४ या पंचवीस वर्षांत वॉकरमुळे जखमी होऊन तातडीच्या विभागात आलेल्या पंधरा महिन्यांखालील बालकांची संख्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सुमारे २ लाख ३० हजार ६७६ होती. त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक बालकांना डोके किंवा मान यांना इजा झाली होती आणि जवळपास तीन चतुर्थांश बालके वॉकरसकट जिन्यावरून कोसळली होती. जिन्यावर दार बसवा, बाळाला एकटे सोडू नका, हे सल्ले तेथील डॉक्टर वर्षानुवर्षे देत होतेच. फरक पडला तो १९९७ साली उत्पादकांच्या ऐच्छिक मानकात एक अट आल्यावर: वॉकर एकतर ३६ इंची, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटरच्या दारातून जाऊ नये इतका रुंद असावा, किंवा त्याचे चाक पायरीच्या कडेवरून खाली उतरताच तो जागीच थांबेल अशी योजना त्याच्या तळाशी असावी. बहुतेक उत्पादकांनी दुसरा मार्ग पत्करला आणि तळाच्या कडेला रबरी पट्ट्या बसवल्या, ज्या एरवी जमिनीपासून अधांतरी राहतात, पण पुढचे चाक पोकळीत गेले की फरशीवर टेकून घर्षणाने चौकट रोखतात. दुखापतींची वार्षिक संख्या १९९० मधील २०,६५० वरून २००३ मध्ये ३,२०१ वर आली. पुढे २०१० मध्ये हे मानक अधिक कडक करून सक्तीचे केल्यावर, आधीच्या चार वर्षांच्या तुलनेत पुढच्या चार वर्षांची सरासरी आणखी सुमारे २३ टक्क्यांनी घटली. या घटीचे सारे श्रेय रबरी पट्टीला देणे अशास्त्रीय ठरेल, कारण त्याच काळात वॉकरचा वापरही कमी झाला आणि जुने वॉकर घरांतून हळूहळू बाद झाले, हे अभ्यासकांनीच नमूद केले आहे. तरीही काही रुपयांच्या एका पट्टीने जे साधले ते उपदेशाने साधले नव्हते, एवढे निश्चित म्हणता येते.

कॅनडाने मात्र वेगळा निष्कर्ष काढला. तेथे एप्रिल २००४ मध्ये वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर पूर्ण बंदी आली, आणि अशी बंदी घालणारा तो पहिला देश ठरला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशाच बंदीची मागणी करत आली आहे. वॉकरने चालणे लवकर येत नाही, उलट ते लांबू शकते, आणि बहुतेक दुखापती मोठी माणसे पाहत असतानाच होतात, असे तिचे म्हणणे आहे. ज्या वस्तूचा उपयोग संशयास्पद आहे तिचा आराखडा सुधारत बसण्यापेक्षा ती वस्तूच नको, हाही आराखड्याविषयीचाच निर्णय होय, आणि वॉकरच्या बाबतीत तो योग्य वाटतो.

मराठी घरांत वॉकर येण्याच्या कितीतरी आधीपासून पांगुळगाडा होता, आणि या दोहोंची तुलना उद्बोधक आहे. पांगुळगाड्यात मूल बसत नाही. तीन चाकांच्या लाकडी चौकटीमागे उभे राहून आडवी दांडी धरून ते ती ढकलते, स्वतःचे वजन स्वतःच्या पायांवर पेलते, आणि हात सुटला तर जागच्या जागी बुडावर बसते. चौकटीची गती मुलाच्या पावलांपेक्षा फार पुढे जात नाही, ही या रचनेतली न बोललेली सुरक्षा आहे. ती सुरक्षा पूर्णतः लाकडात नव्हती, काही अंशी जमिनीत होती, हे मात्र विसरून चालत नाही. शेणाने सारवलेल्या किंवा ओबडधोबड शहाबादी फरशीच्या जमिनीवर लाकडी चाके अडखळत, कुरकुरत फिरत. तोच गाडा आजच्या गुळगुळीत टाइल्सवर पुढे निसटतो आणि दांडीला लोंबकळणारे मूल तोंडावर आपटते. चाकांवर रबरी वळे चढवणे, आसाशी घर्षण वाढवणारी चकती बसवणे, पुढच्या चाकाचा आस लांबवून पाया वाढवणे, या दुरुस्त्या कोणत्याही सुताराच्या आवाक्यातल्या आहेत. परंपरेतली वस्तू म्हणून ती आपोआप निर्धोक ठरत नाही. तिच्याभोवतीचे घर बदलले की तिचा आराखडाही पुन्हा तपासावा लागतो.

बसून चालवायच्या खेळण्यांच्या बाबतीत उलटणे हा मध्यवर्ती प्रश्न आहे आणि त्याचे मूळ मुलाच्या शरीराच्या प्रमाणात आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढ माणसाचे सुमारे एक अष्टमांश; म्हणजे लहान मुलाचा गुरुत्वमध्य, ज्या बिंदूत सारे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, तुलनेने वर असतो आणि तोल गेला की आधी डोके खाली जाते. अशा मुलाला उंच सीटवर बसवून अरुंद चाकांवर ठेवले की काय होते हे एका काल्पनिक पण वास्तवाजवळच्या उदाहरणाने मोजता येईल. समजा, चारचाकी गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांत ४० सेंटिमीटर अंतर आहे आणि मूल बसल्यावर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर येतो. ही गाडी उभी असताना बाजूच्या सुमारे २२ अंशांच्या उतारापर्यंत टिकेल, आणि दुकानात ती भक्कम वाटेल. तीच गाडी ताशी ८ किलोमीटर वेगाने, म्हणजे मोठ्या माणसाच्या झपझप चालीहून थोड्या अधिक वेगाने, सव्वा मीटर किंवा त्याहून कमी त्रिज्येच्या वळणावर घातली, तर सपाट जमिनीवरही आतल्या बाजूची चाके उचलली जातील. वेग निम्मा केला की हीच मर्यादा सुमारे ३१ सेंटिमीटरवर येते, कारण बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग तोच ठेवून चाकांतले अंतर ५० सेंटिमीटर केले आणि सीट दहा सेंटिमीटर खाली आणली, तर मर्यादा अवघी ८० सेंटिमीटर होते. आराखडा करणाऱ्याच्या हाती याशिवाय आणखी एक उपाय असतो, तो म्हणजे स्टिअरिंगला अशी आडकाठी बसवणे, की गाडी उलटेल इतके तीव्र वळण तिला घेताच येऊ नये. या चारही गोष्टी कागदावरच ठरतात, आणि त्यांपैकी एकही मुलाच्या समजूतदारपणावर अवलंबून नाही.

तीनचाकीची भूमिती याहून कडक आहे. पुढे एक आणि मागे दोन चाके असली की गाडी ज्या रेषेवरून उलटते ती रेषा पुढच्या चाकापासून मागच्या बाहेरच्या चाकापर्यंत तिरकी जाते. त्यामुळे मूल दोन्ही आसांच्या मधोमध बसले असेल तर त्याला बाजूचा आधार मागच्या चाकांच्या पसाऱ्याच्या निम्माच मिळतो, आणि पेडल मारताना ते पुढे झुकले की तोही घटतो. सीट मागच्या आसाच्या जितकी जवळ आणि जितकी खाली, तितकी तीनचाकी स्थिर, हा या भूमितीचा सरळ अर्थ. अमेरिकेतील लुई मार्क्स कंपनीने १९६९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘बिग व्हील’ या तीनचाकीने हेच केले: पुढे मोठे प्लास्टिकचे चाक आणि मागे जमिनीला जवळजवळ टेकलेले सीट, ज्यामुळे मूल पाय लांब करून चालवते आणि पडले तरी पडायला फारशी उंचीच उरत नाही. मोटारींच्या कारखान्यात आराखडे काढून आलेल्या जिम मॅरिओल यांनी कल्पिलेली ‘कोझी कूप’ ही पायाने ढकलायची मोटार १९७९ मध्ये आली. तिच्यात मोटर नाही, पेडल नाही, मुलाचे पाय थेट जमिनीवर असतात, आणि तेच इंजिन व तेच ब्रेक असतात. या दोन्ही खेळण्यांची ख्याती मौजेसाठी झाली, सुरक्षेसाठी नव्हे, ही बाब लक्षणीय आहे, कारण सुरक्षित खेळणे म्हणजे नीरस खेळणे असा जो समज उत्पादकांत आढळतो त्याला ही दोन्ही उदाहरणे छेद देतात.

आंतरराष्ट्रीय मानकात, आणि त्यावर आधारलेल्या भारतीय मानक आयएस ९८७३ च्या पहिल्या भागात, स्थिरतेची कसोटी तिरक्या फळीवर घेतली जाते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यावर २५ किलोचे आणि त्यापुढील मुलांच्या खेळण्यावर ५० किलोचे वजन सीटवर ठेवून, मुलाला पाय टेकून तोल सावरता येत असेल तर १० अंशांच्या आणि पाय आत अडकलेले असतील तर १५ अंशांच्या बाजूच्या उतारावर ते उलटता कामा नये. पाय मोकळे असणे ही स्वतंत्र सुरक्षा मानून तिच्यासाठी वेगळा अंश ठरवणे, यात मानककारांची सूक्ष्म दृष्टी दिसते. तरीही ही कसोटी उभ्या खेळण्याची आहे; वर जे वळणाचे गणित मांडले ते तीत येत नाही. पार्किंगच्या तळघरात उतरणाऱ्या रॅम्पवर खाली येता येता हँडल वळवणारे मूल या फळीवर कोठेच नाही, आणि मानकाच्या पुढील आवृत्त्यांनी ही उणीव भरून काढायला हवी.

मूल पडलेच, तर ते कशावर पडते हा पुढचा प्रश्न. फिलाडेल्फिया येथील बालरुग्णालयातील फ्लोरा विन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात सायकलच्या हँडलला दडलेल्या भाल्याची उपमा दिली होती. त्यांच्या निरीक्षणात गंभीर दुखापतींचे कारण बहुधा वेग नव्हता. मूल मंद गतीने जाताना तोल जातो, पुढचे चाक काटकोनात वळते, हँडलचे एक टोक जमिनीला टेकून दुसरे पोटाच्या दिशेने उभे राहते, आणि मुलाचे सारे वजन त्या लहानशा वर्तुळावर येते. बाहेरून किरकोळ खरचटल्याची खूण दिसते, आत मात्र यकृत, प्लीहा, मूत्रपिंड किंवा स्वादुपिंड फाटलेले असू शकते, आणि निदानाला उशीर होतो. त्याच गटाने २००१ मध्ये एक पर्यायी आराखडा मांडला, ज्यात हँडलच्या टोकात स्प्रिंग आणि तिचा झटका शोषून घेणारी योजना आहे. धडक बसली की टोक आत सरकते आणि पोटावर येणारा जोर जवळपास निम्म्यापर्यंत कमी होतो. खेळण्यांच्या मानकातील उपाय अधिक साधा आहे: हँडलच्या टोकाचा व्यास किमान ४० मिलिमीटर असावा, म्हणजे तोच जोर मोठ्या क्षेत्रावर पसरतो. झिजून फाटलेली मूठ आणि तिच्यातून डोकावणारी नागडी नळी हे दृश्य भारतातल्या कोणत्याही अंगणात दिसते. पाच-दहा रुपयांची मूठ बदलणे येथे शब्दशः पोटाचे रक्षण करते.

टोकाविषयीची निष्काळजी किती महाग पडते याचे उदाहरण फिशर-प्राइस कंपनीच्या तीनचाकींनी दिले. मोटारीसारखी मौज वाटावी म्हणून सीटच्या पुढे वर उभी असलेली प्लास्टिकची किल्ली त्यांत बसवलेली होती. मुली तिच्यावर आपटून किंवा बसून जखमी झाल्याच्या दहा तक्रारी आल्या, त्यांपैकी सहा जणींना वैद्यकीय उपचार घ्यावे लागले, आणि सप्टेंबर २०१० मध्ये एकट्या अमेरिकेतील सुमारे ७० लाख तीनचाकी या एका किल्लीपायी परत मागवण्याची घोषणा झाली. त्या किल्लीमुळे गाडी चालत नव्हती, थांबत नव्हती. ती केवळ शोभेची होती. चाके, सांगाडा, रंग यांच्या कसोट्या पार केलेली वस्तू शोभेच्या भागात नापास होते, कारण आराखडा तपासणारा नजर टाकतो ती चालणाऱ्या भागांवर, आणि मूल पडते ते कोणत्याही भागावर.

बोटे अडकण्याच्या बाबतीत मानकातील एक नियम त्याच्या चातुर्यासाठी आवर्जून सांगण्याजोगा आहे. चाक आणि मडगार्ड यांसारख्या हलत्या भागांमधील फटीत जर ५ मिलिमीटर जाडीची सळई जात असेल, तर १२ मिलिमीटरचीही गेली पाहिजे. म्हणजे फट एकतर इतकी अरुंद की मुलाचे बोट शिरूच नये, किंवा इतकी रुंद की शिरलेले बोट चिरडल्याशिवाय बाहेर यावे. मधले माप निषिद्ध. साखळी झाकलेली असणे, तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यातून सुटणारा कोणताही तुकडा, उदाहरणार्थ हॉर्नचा फुगा किंवा चाकाची टोपी, घशात अडकण्याइतका लहान नसणे, गाणी वाजवणाऱ्या हँडलमधल्या बटणासारख्या सेलचे झाकण स्क्रूशिवाय न उघडणे, हे नियम सर्वच खेळण्यांना समान असल्याने त्यांचा विस्तार येथे नको. गिळलेला असा सेल दोनेक तासांत अन्ननलिका जाळू शकतो, एवढे पालकांनी ध्यानात ठेवले तरी पुरे.

बॅटरीची गाडी आली आणि धोक्यांत एक नवी जात दाखल झाली. या गाड्यांची मूळ रचना विचारपूर्वक केलेली असते: पाय पेडलवर असेपर्यंतच वीज मोटरकडे जाते, आणि पाय उचलला की पेडलखालचा स्विच मोटरची दोन्ही टोके एकमेकांना जोडतो, त्यामुळे फिरती मोटर क्षणभर जनित्र बनून स्वतःलाच विरोध करते आणि गाडी मंदावते. घाबरलेले मूल पाय उचलते, म्हणून घाबरणे हाच ब्रेक ठरावा, असे हे तत्त्व आहे. परंतु स्विचचे संपर्क तापून चिकटले तर वीज चालू राहते आणि ब्रेकही लागत नाही, कारण दोन्ही कामे एकाच स्विचकडे सोपवलेली असतात. फिशर-प्राइसनेच ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘पॉवर व्हील्स’ मालिकेतील सुमारे एक कोटी गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या, तेव्हा विजेचे भाग तापल्याच्या सुमारे ७०० तक्रारी, सुमारे १५० आगी आणि पाय उचलल्यावरही गाडी न थांबल्याची ७१ प्रकरणे नोंदली गेली होती. भाजणे किरकोळ स्वरूपाचे होते, पण २२ घरे व गॅरेज यांचे नुकसान झाले. दोषाची माहिती वेळेवर सरकारला न कळवल्याच्या आरोपावरून २००१ मध्ये कंपनीने ११ लाख डॉलरचा दंड भरला. इतक्या मोठ्या धड्यानंतरही २०१९ मध्ये त्याच मालिकेतील सुमारे ४४ हजार खेळण्यातल्या कॅम्पर गाड्या पेडल सोडल्यावरही चालत राहतात म्हणून परत घ्याव्या लागल्या, यावरून हा दोष किती चिवट आहे ते कळते. उपाय अज्ञात नाही: मोटरचा प्रवाह आणि ब्रेक यांसाठी दोन स्वतंत्र स्विच, प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास तो तोडणारा फ्यूज थेट बॅटरीच्या टोकाशी, दुसऱ्या कोणत्याही बॅटरीला न जुळणारा कनेक्टर, आणि मोठा वेग मुलाला नव्हे तर फक्त पालकाला स्क्रू काढून खुला करता येईल अशी कळ. स्वस्त गाड्यांत नेमका फ्यूज वगळला जातो, कारण तो दिसत नाही. दिवे, संगीत आणि रंगीत रिमोट मात्र दिसतात.

या वर्गातील खेळण्यांशी निगडित मृत्यूंची अमेरिकी नोंद पाहिली तर त्यांत वाहनाची धडक आणि पाण्यात बुडणे ही दोन कारणे पुन्हा पुन्हा भेटतात. बुटकी गाडी मागे येणाऱ्या मोटारीच्या आरशात दिसत नाही. सीटमागे मोठ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीची लवचीक काठी आणि तिच्यावर भडक पताका, हा उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे आणि तो खेळण्यासोबतच मिळायला हवा.

भारतात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये काढलेला खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आता भारतीय मानक ब्युरोचा परवाना आणि आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. विजेवर न चालणाऱ्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू पडते. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेली उत्पादने यांना आदेशातून सूट आहे. ही सूट न्याय्य आहे, कारण सावंतवाडीच्या चितार आळीतील कारागिराला प्रयोगशाळेचे शुल्क परवडणारे नाही. पण सुटीचा अर्थ सुरक्षेतूनही सूट असा होऊ नये, आणि कारागिरांपर्यंत मानकातील मापे मराठीत, चित्रांसह पोहोचवण्याचे काम कोणीतरी अंगावर घेतले पाहिजे. आदेशाची अंमलबजावणी कागदोपत्रीच राहिली असे म्हणता येणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्युरोने, आधीच्या महिनाभरात ४४ छापे घालून चिन्ह नसलेली १८,६०० खेळणी जप्त केल्याचे जाहीर केले, आणि त्यांत मोठ्या मॉलमधील दुकानेही होती. मात्र आदेशाची नजर उत्पादन, आयात आणि विक्री यांवर असते. बागेबाहेर किंवा जत्रेत दर फेरीला पैसे घेऊन दिवसभर फिरवल्या जाणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांची झिजलेली चाके, उघड्या पडलेल्या तारा आणि चिकटलेली पेडले कोणी तपासायची, याचे उत्तर त्यात नाही. जागेचा परवाना देणाऱ्या नगरपालिकांनी परवान्यातच तपासणीची अट घालणे हा त्यावरचा सर्वांत जवळचा मार्ग आहे.

कायद्याचे हत्यार मात्र बऱ्यापैकी धारदार झाले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम ८४ नुसार उत्पादनातील दोषाइतकाच आराखड्यातील दोषही उत्पादकाला भरपाई देण्यास जबाबदार ठरवतो, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार आहे. हे हत्यार चालण्यासाठी पुरावा लागतो, आणि भारतात तोच तुटपुंजा आहे. अमेरिकेत सुमारे शंभर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून प्रत्येक दुखापतीमागची वस्तू नोंदली जाते. या लेखातील वॉकरच्या आणि खेळण्यांच्या दुखापतींचे आकडे त्या नोंदीतूनच आले. आपल्याकडे अशा केसपेपरवर बहुधा ‘पडून इजा’ एवढेच लिहिले जाते, आणि कोणत्या गाडीवरून, कोणत्या उतारावर, कोणत्या भागावर आपटून, हे सारे त्या दोन शब्दांत पुसले जाते. म्हणून मुलाला घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या पालकांनी खेळण्याचा प्रकार, कंपनी आणि आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक डॉक्टरांना सांगावा, डॉक्टरांनी तो केसपेपरवर लिहावा, मोडलेले खेळणे भंगारात न टाकता जपून ठेवावे, आणि तक्रार ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवावी.